नमुना संख्या साठ

अन्नम्मा मॅडम म्हणाल्या, साठ रुग्ण पुरेत.
साठ फॉर्म, वीस प्रश्न, पाच चेहरे:
पहिला रडका, शेवटचा हसरा
आणि मधला एक, ज्याला काहीच वाटत नाही,
नाइट ड्युटीच्या चौथ्या दिवशी
आरशात दिसतो तसा.

फॉर्म गुजरातीत छापलेला.
मी रावपुऱ्याच्या गल्लीत वाढलेली, मला दोन्ही येतं;
बडोद्यात आमचं असंच,
दुखणं मराठीत, हिशेब गुजरातीत.

बेड नंबर एक. टिक. बेड नंबर चार. टिक.
"बधुं सारुं छे, बेन,"
पंखा बंद, चादर परवाची,
तरी बोट हसऱ्या चेहऱ्यावर.
कारण फॉर्म माझ्या हातात असतो
आणि संध्याकाळचं इंजेक्शनही.
(हे 'अभ्यासाच्या मर्यादा'मध्ये लिहायचं का,
मॅडमना विचारायचं राहिलं.)

चौदा नंबरला मथुराबेन दळवी.
खुब्याचं हाड. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरांतल्या.
चष्मा कुणीतरी चुकून घरी नेलेला,
म्हणून मीच मोठ्यानं वाचलं:
"नर्सबेननी सेवाथी तमने संतोष छे?"
त्या उठायलाच निघाल्या.
"कुठंय? आला? कधी उतरला?"

संतोष कुवेतला असतो, लिफ्ट दुरुस्त करतो,
हे नंतर शेजारच्या बेडवरून कळलं.
तेव्हा मी फक्त खांदे धरून त्यांना परत टेकवलं,
पायांमधली उशी सरळ केली,
आणि पाचांपैकी कुठल्या चेहऱ्यावर खूण करावी
ते ठरेना.

जेवणाच्या सुट्टीत दुसरा फॉर्म, आमच्यासाठीचा.
शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींनी
नोकरीची पसंती क्रमानं लिहावी.
रमीला डामोरनं लिहिलं, दाहोद,
गावापासून अकरा किलोमीटरवरचं केंद्र,
आणि खालचे रकाने कोरे.
"दुसरी पसंती लिही की."
"दुसरं गाव कुठंय मला?"
हेतलला आयसीयू. कृपाला शिकवायचंय,
वॉर्डात उभं राहून पाय सुजतात म्हणे,
जणू मॅडम बसून शिकवतात.
आमच्या पुढच्या बॅचची तेजल खासगीत लागली,
सही पंधरा हजारांवर, हातात अकरा.
मी लिहिलं: एक, जर्मनी. दोन, जर्मनी.
तीनवर पेन थांबलं, मग तिथंही तेच.
अलकापुरीच्या क्लासचे दोन हप्ते भरून झालेत.
हाबेन झी श्मेर्त्सेन? आपल्याला दुखतंय का?
हे वाक्य मी बसमध्ये पाठ करते,
उत्तर काय येईल ते अजून शिकवलेलं नाही.

दुपारी प्रॅक्टिकल. चादरीचा कोपरा
पंचेचाळीस अंशांत दुमडला, दहापैकी नऊ.
एक मार्क बहुतेक घाईचा गेला.

सहाला परत चौदा नंबर.
मथुराबेन जाग्या, डोळे छतावर.
फॉर्म बघून म्हणाल्या, "ते राहू दे गं. वेणी घालतेस?"
केसांत आठवड्याचा गुंता,
तेल नव्हतं, म्हणून पाण्याचा हात लावला.
वीस प्रश्नांत केसांचा एकही नाही.
रमीला लांबून बघत होती,
मग न बोलता स्वतःच्या डोक्यातला
काळा रबर काढून देऊन गेली.

"तुझी कितवी पाळी?"
"सातपर्यंत."
"मग कुठं जाणार?"
"घरी," मी म्हटलं.
आणि ते काही खोटं नव्हतं,
सातला खरंच घरी जायचं होतं,
सूरसागरला वळसा घालून, चालत.

मॅडमना फोनवर सांगितलं,
एकोणसाठ झालेत. एक उद्या देते.